शेवटची बोट किती वाजता? कोयनेच्या बॅकवॉटरवर कॅम्पिंगचं प्लॅनिंग

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा एपिसोड नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. माझे "अं... म्हणजे" आणि मागे भुंकणारा आमच्या सोसायटीतला कुत्रा तेवढा गाळलाय. बाकी बरंचसं बोललो तसंच आहे.

थंडी सुरू झाली की मला एक मेसेज हमखास येतो. "दादा, बामणोलीला तंबू टाकून राहायचंय. काय काय न्यायचं, लिस्ट पाठव ना." लिस्ट देतो, पण शेवटी. कारण दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे लिस्ट एकदम पक्की होती. तंबू, स्लीपिंग बॅग, मॅगी, ब्लूटूथ स्पीकर, सगळं एक्सेल शीटमध्ये, समोर टिकमार्क. मी सॉफ्टवेअरवाला माणूस, शीट बनवणारच. आणि तरीही त्या रात्री साडेनऊ वाजता आम्ही एका मित्राला गाडीच्या मागच्या सीटवर बसवून कासच्या रस्त्याने साताऱ्याकडे निघालो होतो. तो खोकत होता, त्याला श्वास पुरत नव्हता, आणि सहा जणांत एकाच्याही फोनला रेंज नव्हती.

झालं काय, ते आधी सांगतो. आजचं सगळं प्लॅनिंग त्यातूनच आलंय.

त्या शनिवारी काय चुकलं

फेब्रुवारी महिना. पुण्याहून पहाटे चारला निघायचं ठरलं आणि निघालो सातला. वाटेत नाश्ता, मग घाटात ट्रॅफिक. बामणोलीत पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. वासोट्याला जायचं होतं, पण इतक्या उशिरा निघून संध्याकाळपर्यंत परत येणं शक्यच नव्हतं. बोटवाल्या काकांनी घड्याळ दाखवलं आणि विषय संपला.

मग काय, काठावर तंबू लावले आणि दिवसभर नुसते बसून राहिलो. संध्याकाळी पाचच्या पुढे एक मित्र म्हणाला, "जरा पाण्यात जाऊन येतो." त्याला पोहता येतं, सोसायटीच्या टँकमध्ये वीस-वीस लॅप मारतो. तीन पावलांवर पाणी गुडघ्यापर्यंत होतं. चौथ्या पावलाला खाली जमीनच नव्हती. घाबरून तो मागे वळला, तर पाय गाळात रुतला. दोनदा खाली गेला. आम्ही काठावर उभे राहून ओरडत होतो, कारण दोरी आमच्या लिस्टमध्ये नव्हती. गावातल्या एका मामांनी लांब बांबू पुढे केला, तो धरून तो बाहेर आला.

बाहेर आल्यावर तो हसला. आम्हीही हसलो, चहा केला. दोन-तीन तासांनी त्याचा खोकला वाढला आणि धाप लागायला लागली. बुडता बुडता वाचलेल्या माणसाच्या फुप्फुसात थोडं जरी पाणी गेलं असेल, तर त्रास काही तासांनी वाढू शकतो, हे आम्हाला साताऱ्यात डॉक्टरांनी सांगितलं. त्यांनी विचारलं, "किती वाजता झालं? पाण्याखाली किती वेळ होता?" कोणालाच नीट सांगता येईना. मग मित्राच्या बाबांना फोन लावला. त्यांचा पहिला प्रश्न होता, "तुम्ही नक्की आहात कुठे?" त्यांच्या समजुतीप्रमाणे पोरगा महाबळेश्वरला हॉटेलात होता.

मित्र दोन दिवसांनी घरी आला, आज ठणठणीत आहे. पण ही मंडळी बेफिकीर होती असं समजू नका. आम्ही प्लॅनिंग केलं होतं, फक्त सामानाचं. जागेचं आणि वेळेचं केलंच नव्हतं.

हा तलाव नाही, धरण आहे

पहिली गोष्ट. आपण ज्याला शिवसागर तलाव म्हणतो, ते कोयना धरणाचं बॅकवॉटर. कोयना महाबळेश्वरला उगम पावते, सह्याद्रीच्या रांगांमधून दक्षिणेकडे जाते, मग पूर्वेला वळून कराडला कृष्णेला मिळते. १९६०च्या दशकात कोयनानगरजवळ धरण झालं आणि मागचं सगळं खोरं पाण्याखाली गेलं. गावं, शेतं, देवळं, झाडं, रस्ते, सगळंच. आज हा जलाशय सुमारे ५० किलोमीटर लांब पसरलाय आणि धरणाची साठवण क्षमता १०५ टीएमसीच्या आसपास आहे. तापोळा आणि बामणोली ही या पाण्याच्या वरच्या टोकाकडची गावं. एका बाजूने सोळशी येते, दुसरीकडून कांदाटी.

हा इतिहासाचा तास वाटेल, पण यातच तीन कामाच्या गोष्टी आहेत.

एक. तळ म्हणजे बुडालेला डोंगरउतार. पावसाळ्यात डोंगर चढताना जसे टप्पे, बांध, खाचखळगे लागतात, तेच सगळं पाण्याखाली आहे. म्हणून तीन पावलं गुडघाभर आणि चौथ्याला काहीच नाही. त्यावर वर्षानुवर्षांचा गाळ आणि जुन्या झाडांची खोडं. स्विमिंग पूलचा तळ सपाट असतो, तिथलं पोहणं इथे उपयोगाचं नाही.

दोन. पाणी सरकतं. कोयनेचं बरंच पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेला, कोकणाच्या बाजूला सोडून वीज तयार करतात. पाणीवाटप लवादाने त्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातलेली आहे. म्हणजे ऑक्टोबरमध्ये काठोकाठ असलेलं पाणी मे महिन्यापर्यंत खूप खाली जातं. नोव्हेंबरात मित्राने टाकलेल्या फोटोतला "पाण्यापासून दहा पावलांवरचा" स्पॉट एप्रिलमध्ये पाण्यापासून बराच लांब, भेगा पडलेल्या गाळाच्या वर असतो. जुना फोटो बघून जागा ठरवू नका.

तीन. रस्ते बुडाले म्हणून बोट आली. पलीकडच्या काठावरच्या बऱ्याच वस्त्यांना आजही बोट हाच जवळचा रस्ता आहे. बोटवाले काका म्हणजे तुमचे टूर ऑपरेटर नव्हेत. त्यांना वारा कधी सुटतो, खोडं कुठे आहेत, पाणी किती खाली गेलंय, हे सगळं पाठ असतं. ते "नको" म्हणाले की घासाघीस करायची नाही.

कुठला महिना?

महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्याच डोंगरांमधलं हे खोरं. त्यामुळे जून ते सप्टेंबर इथे तंबूचा विचारच करू नका. वासोटाही पावसाळ्यात बंद असतो.

सप्टेंबर-ऑक्टोबरात कासच्या पठारावर फुलं असतात. साताऱ्याहून बामणोलीचा रस्ता कासवरूनच जातो. सुट्टीच्या दिवशी त्या रस्त्यावर एवढी गर्दी असते की तासाभराच्या प्रवासाला तीन तासही लागू शकतात. फुलं बघायची ट्रिप वेगळी ठेवा.

नोव्हेंबर ते जानेवारी सगळ्यात चांगलं. पाणी भरपूर, हवा स्वच्छ, जंगल अजून हिरवं. फक्त रात्री थंडी आणि दव. फेब्रुवारी-मार्चमध्ये थंडी कमी होते, पण गवत वाळतं आणि वणव्याची भीती वाढते. एप्रिल-मेमध्ये ऊन आणि लांब गेलेलं पाणी.

कुठे राहता येतं, कुठे नाही

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. जलाशयाच्या पश्चिमेचं जंगल म्हणजे कोयना अभयारण्य. १९८५ साली ते जाहीर झालं. २०१० साली कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. वासोटा किल्ला याच जंगलात आहे. तिथे जायला वनविभागाची परवानगी लागते, आणि ती दिवसापुरतीच. गडावर किंवा पायथ्याला मुक्काम नाही, चूल नाही. "आमच्या काकांनी ९५ साली केला होता," हे कारण तिथे चालत नाही.

मुक्काम करायचा तो अलीकडच्या गावांत. बामणोली, तापोळा आणि आसपास. तिथेही मोकळा काठ दिसला म्हणून तंबू ठोकायचा नाही. जमीन कोणाची तरी असते. गावात विचारा, होम-स्टेवाल्यांच्या आवारात किंवा कोणाच्या शेतात, त्यांना पैसे देऊन, सांगून राहा. याचा खरा फायदा रात्री कळतो. काही झालं तर शंभर पावलांवर एक घर आहे आणि त्या घरातल्या माणसाला तुम्ही कोण हे माहीत आहे. आमच्या त्या मामांच्या अंगणाशेजारीच आम्ही तंबू लावला होता, तेवढी एकच गोष्ट आमची बरोबर ठरली होती.

वेळ मागून पुढे मोजा

आता मुख्य मुद्दा. ऑफिसमध्ये रिलीजची तारीख ठरली की आपण मागे मागे येत टेस्टिंग, कोडिंगच्या तारखा ठरवतो. ट्रिपला मात्र आपण "चारला निघू, मग बघू" म्हणतो. इथे उलटं करायचं. सगळ्यात शेवटची, न हलणारी वेळ कोणती? शेवटची बोट. तिथून मागे या.

वासोट्याचं उदाहरण घेऊ. समजा संध्याकाळी पाचला बामणोलीच्या काठावर परत पाय ठेवायचाय.

परतीची बोट साधारण दीड तास. म्हणजे पायथ्याहून, मेट इंदवलीहून, साडेतीनला निघायलाच हवं. उतरायला दोन तास धरा. म्हणजे गड दीडला सोडायचा. वर पाऊण तास बघणं आणि डबा. म्हणजे पाऊण वाजता वर पोचलेलं हवं. चढायला ग्रुपमधल्या सगळ्यात हळू माणसाच्या वेगाने अडीच तास. म्हणजे सव्वादहाला चढायला सुरुवात. त्याआधी पाव तास तपासणी, म्हणजे दहाला बोटीतून उतरायचं. जाताना दीड तास, म्हणजे साडेआठला बामणोलीतून बोट. परवानगी आणि बोट ठरवायला तासभर. म्हणजे साडेसातला आपण तिथे हजर.

यात अर्धा तास कुठे तरी जाणारच. कोणाच्या बुटाचा सोल निघतो, कोणाला गोळा येतो. म्हणून साडेआठची बोट आठला धरा. आता विचार करा, पुण्याहून चार तास धरले, तर साडेतीनच्या आधी निघावं लागेल, म्हणजे ड्रायव्हर रात्रभर जवळजवळ जागा. मग आठ तास ट्रेक करून त्यानेच परत गाडी चालवायची? नको. म्हणून पहिला दिवस तलावाचा, दुसरा वासोट्याचा. शनिवारी निवांत या, तंबू लावा, बोटीचं आणि परवानगीचं बोलून ठेवा, लवकर झोपा. रविवारी सकाळी ताजेतवाने निघा. सोमवारी सुट्टी मिळत असेल तर रविवारची रात्रही तिथेच. नसेल तर निदान गाडी चालवणारे दोघं हवेत.

आणखी एक नियम, जो आम्ही आता पाळतो. परत फिरायची वेळ सकाळी बोटीत बसताना ठरवायची आणि सगळ्यांसमोर मोठ्याने सांगायची. आमची दुपारी एक. एक वाजला की जिथे असू तिथून मागे, गड दहा मिनिटांवर असला तरी. वर गेल्यावर ठरवायला गेलं की उत्साह आणि इगो मध्ये येतात, कोणीच "परत फिरू" म्हणत नाही. आधी ठरलेलं असलं की कोणावर खापर फुटत नाही.

बोटीचं भाडं बहुतेक वेळा माणशी नसून बोटीमागे ठरतं. त्यामुळे चार जण गेलात तर प्रत्येकाला जास्त पडतं. पण पैसे वाचवायला ठरलेल्यापेक्षा जास्त माणसं कोंबू नका. लाइफ जॅकेट घालायचंच, फोटोपुरतं नाही, आणि उतरेपर्यंत काढायचं नाही. दुपारनंतर पाण्यावर वारा उठतो, सकाळचं आरशासारखं पाणी परतीला तसंच असेल असं धरू नका.

तंबू कुठे लावायचा

काठावर नीट बघितलंत तर एक रेघ दिसते. वर झुडपं, गवत, माती. खाली उघडा तांबूस पट्टा, दगड आणि गाळ. बादलीतलं पाणी कमी झाल्यावर आत राहते तशी रेघ. तंबू या रेघेच्या वर. खालच्या पट्ट्यातून गुरं आणि रात्री जंगली जनावरं पाण्यावर येतात. या जंगलात गवे आहेत, बिबटे आहेत, अस्वलं आहेत. ते तुमच्या मागे लागलेले नसतात, पण त्यांच्या वाटेत झोपू नये एवढं तर करू शकतो. वाळलेल्या फांदीच्या झाडाखाली नको, दाट गवतात नको.

तंबूची चेन कायम बंद. बाहेर गप्पा मारताना सुद्धा. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावल्यावर अनेकदा कळतही नाही. बूट तंबूच्या आत, सकाळी झटकून घालायचे. रात्री लघवीला जाताना टॉर्च हवीच, मोबाइलची नको, डोक्याला लावायची. हात मोकळे राहतात.

थंडी खालून येते

दरवर्षी बातमी वाचता ना, महाबळेश्वरला वेण्णा लेकच्या काठावर दवबिंदू गोठले? गावात वर तसं नसतं, तलावाकाठीच का? कारण थंड हवा जड असते. रात्री ती उतारावरून घरंगळत खोलगट जागी येऊन साचते. बामणोलीचं खोरंही तसंच. फोनवर महाबळेश्वरचं तापमान बघून "चौदा डिग्री, चालतंय की" म्हणू नका. काठावर त्याहून कमी धरून चला.

दुसरं म्हणजे, आपण वरून पांघरायला दोन चादरी नेतो आणि खाली एक पातळ सतरंजी. शरीराची उष्णता जमीन सतत ओढून घेत असते. स्लीपिंग बॅगचा खालचा भाग आपल्या वजनाने दबतो, त्यातली हवा जाते, मग त्याचा उपयोग उरत नाही. म्हणून पैसे खर्च करायचे तर आधी खालच्या फोमच्या मॅटवर. कोरडे मोजे आणि कानटोपी फक्त झोपण्यासाठी वेगळी ठेवा.

आणि आता जे सांगतोय ते कृपा करून पुढे पाठवा. थंडी वाजते म्हणून बार्बेक्यूची शेगडी तंबूत घेऊ नका. निखारे विझत आलेले असले तरी नाही, चेन थोडी उघडी ठेवून तर अजिबात नाही. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. माणसाला गुदमरल्यासारखं वाटत नाही, नुसती झोप येते. आणि त्या झोपेतून उठता येत नाही.

फोन: रेंज नाही असं धरूनच निघा

आम्ही ॲप बनवताना म्हणतो, ऑफलाइन-फर्स्ट. म्हणजे नेटवर्क नाहीच असं समजून डिझाइन करायचं, मिळालं तर बोनस. ट्रिपही तशीच.

साताऱ्यात असतानाच नकाशा ऑफलाइन डाउनलोड करा. तंबूची जागा, बोटीचा धक्का, जवळचं सरकारी हॉस्पिटल, सगळ्यांना पिन लावा. जीपीएसला नेटवर्क लागत नाही, फोन फक्त उपग्रहांचे सिग्नल ऐकत असतो. नेट नसेल तर जागा सापडायला पहिल्यांदा थोडा वेळ लागतो, एवढंच. उघड्यावर दोन मिनिटं थांबा.

रेंज नसलेल्या ठिकाणी फोन सतत टॉवर शोधतो आणि बॅटरी खातो. फ्लाइट मोडवर टाका, बहुतेक फोनमध्ये जीपीएस तरीही चालतो. दहा हजारची पॉवरबँक पाच हजारच्या फोनला दोनदा चार्ज करेल हे गणित कागदावरचं. मध्ये ऊर्जा वाया जाते, प्रत्यक्षात दीड वेळा धरा. रात्री फोन आणि पॉवरबँक स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा, थंडीत बॅटरी लवकर उतरते.

गावातल्या माणसाला विचारा, "इथे रेंज कुठे येते?" प्रत्येक गावात अशी एक जागा असते. पोचल्या पोचल्या ती बघून ठेवा, आणि कोणत्या कंपनीची येते तेही.

घरी ठेवायचा मेसेज

हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग आणि याला एक रुपया लागत नाही. निघण्याआधी घरच्या एका माणसाला हा मेसेज पाठवायचा:

"आम्ही सहा जण. गाडीचा नंबर अमुक. शनिवारी रात्री बामणोलीत अमक्यांच्या आवारात, त्यांचा नंबर हा. रविवारी वासोटा, बोटवाल्यांचा नंबर हा. दुपारी रेंज नसेल, काळजी करू नका. रविवारी संध्याकाळी सातपर्यंत फोन करतो. नऊपर्यंत आला नाही तर आधी या दोन नंबरवर फोन करा, मग ११२ वर."

शेवटची दोन वाक्यं नीट बघा. पहिलं घरच्यांना विनाकारण घाबरू देत नाही. दुसरं त्यांना उगाच गप्प बसू देत नाही. "पोहोचलो की सांगतो" या मेसेजमध्ये नेमकं हेच नसतं, म्हणून आई रात्री दोनपर्यंत जागी बसते. आणि खरं सांगा. आईला महाबळेश्वरचं हॉटेल सांगून जंगलात जाणं यात शहाणपणा नाही.

पाणी, पोट आणि मागे काय राहतं

प्यायचं आणि स्वयंपाकाचं मिळून माणशी दिवसाला चार लिटर धरा. वासोटा चढताना तीन लिटर पाठीवर. तलावाचं पाणी उकळून, चांगलं खळखळ उकळलेलं. स्वयंपाक गॅसच्या छोट्या स्टोव्हवर, काटक्या गोळा करून नाही. वाळलेल्या गवतावर उडालेली एक ठिणगी वणवा लावायला पुरते. आणि खरं तर पहिल्या रात्री गावातच पिठलं-भाकरी सांगा. पैसे गावात राहतात आणि तुमचा तासभर वाचतो.

संडास. लाजू नका, याचंही प्लॅनिंग लागतं. होम-स्टेमध्ये सोय असेल तर तीच वापरा. नसेल तर पाण्यापासून निदान ७० पावलं लांब, वीतभर खोल खड्डा, वर माती. पण इथे ते पाणी सरकण्याचं गणित लक्षात ठेवा. तो उघडा तांबूस पट्टा आज कोरडा दिसतो, तरी पावसाळ्यात तो तलावाचा तळ असतो. तिथे खड्डा केलात किंवा कचरा पुरलात, तर चार-सहा महिन्यांनी ते सगळं पाण्यात. मोजायचं ते आजच्या पाण्यापासून नाही, त्या वरच्या रेघेपासून.

वासोट्याच्या पायथ्याला वनविभागाची माणसं बॅगा तपासून प्लॅस्टिकच्या वस्तू मोजतात. परत येताना तेवढ्याच दाखवाव्या लागतात. मला ही पद्धत इतकी आवडली की आता आम्ही घरून निघतानाच मोजतो. वेफर्स घरीच डब्यात काढले की मोजायला उरतं काय?

स्पीकर घरी ठेवा. जंगलातला आवाज ऐकायलाच तर चाललोय.

काही झालंच तर

साप चावला तर कापू नका, चोखू नका, घट्ट बांधू नका. चावलेला भाग हलू न देता माणसाला शांत बसवा, अंगठी-कडं काढा आणि सरळ हॉस्पिटल. साप मारून सोबत न्यायची गरज नाही.

कोणी पाण्यात गटांगळ्या खायला लागला तर मागे उडी मारू नका. बुडणारा माणूस वाचवणाऱ्याला मिठी मारतो आणि दोघं जातात. दोरी फेका, बांबू द्या, रिकामा बंद कॅन फेका. बाहेर काढलेला माणूस "मी ठीक आहे" म्हणाला आणि नंतर खोकला किंवा धाप लागली, तर सकाळची वाट बघायची नाही. वेळ लिहून ठेवा.

१०८ ला फोन लागला तर उत्तम. पण काठावर तुमची पहिली ॲम्ब्युलन्स म्हणजे बोट आणि दुसरी तुमची स्वतःची गाडी. म्हणून गाडी तोंड रस्त्याकडे करून लावा, टाकी अर्धी तरी भरलेली हवी आणि एक ड्रायव्हर त्या रात्री दारू पिणार नाही. साताऱ्यापर्यंत घाटाचा रस्ता आहे, रात्री तासाहून जास्त धरा.

आता ती लिस्ट

तंबू, फोमची मॅट, स्लीपिंग बॅग. हेडटॉर्च आणि जादा सेल. पंधरा मीटर दोरी. शिट्टी. प्रथमोपचाराची डबी आणि ज्याची त्याची रोजची औषधं, दोन वेगवेगळ्या बॅगांमध्ये विभागून. कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लॅस्टिक पिशवीत. पाण्याच्या बाटल्या, छोटा स्टोव्ह, काडेपेटी. पॉवरबँक. ओळखपत्र आणि त्याची झेरॉक्स. सुटे पैसे, कारण रेंज नाही तर यूपीआय नाही. आणि फोन नंबर कागदावर लिहिलेले. झालं, एवढंच.

या जानेवारीत आम्ही परत जातोय. तेच सहा जण, तेच मामा, तेच अंगण. मामांना फोन केला तर म्हणाले, "या की. बांबू ठेवलाय अजून." यावेळी घरचा मेसेज कोण लिहिणार म्हणून मी ग्रुपवर विचारलं, तर त्या मित्राने आधीच लिहून बाबांना पाठवला होता. गाडीचा नंबर, मामांचा नंबर, सात वाजता, नऊ वाजता, सगळं. खाली बाबांचं उत्तर होतं: "ठीक. सातला फोनजवळ बसतो."

तुम्ही कधी निघताय, आणि तुमचा मेसेज कोणाला जाणार, ते मला नक्की कळवा. पुढच्या एपिसोडमध्ये भेटू. तोपर्यंत काळजी घ्या, आणि शेवटची बोट चुकवू नका!